एकाच कोपऱ्यात दोनदा तडकलेली काच: खानापूर भागातल्या टाटा १२१० च्या केबिनचे प्रकरण

गाडी टाटा १२१०, नोंदणी १९७८ ची, बेळगावची. अर्धे इंजिन बॉनेटखाली बाहेर, अर्धे केबिनच्या पोटात. सहा सिलिंडरचे '६९२' इंजिन, ९.००-२० चे सहा टायर, मागे लाकडी बॉडी. खानापूर तालुक्यात कौले, विटा आणि जळाऊ लाकूड वाहून झाल्यावर ती वीटभट्टीच्या शेडमध्ये सोळा वर्षे उभी होती. मग घरच्यांनी ती पुन्हा उभी करायचे मनावर घेतले. वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथासाठी गाडी न्यायची, एवढाच हेतू.

पहिल्या दुरुस्तीत कुजलेला लाकडी सांगाडा काढून टाकला गेला. त्याच्या जागी ४० × ४० × २ मिमीचा चौकोनी पाइप वेल्ड करून नवा सांगाडा केला, वर पत्रा चढवला, रंग दिला. दिसायला केबिन झकास झाली. पहिल्या दोनशे किलोमीटरात ड्रायव्हरच्या बाजूची पुढची काच खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात तडकली. नवी घातली, तीही तिथेच तडकली. उजवे दार खड्ड्यात आपोआप उघडायचे आणि सपाट रस्त्यावर उघडता उघडायचे नाही. केबिन 'हलते' म्हणून फॅब्रिकेशनवाल्याने केबिनची पाठ आणि मागची बॉडी यांच्यामध्ये दोन अँगल मारून दिले. त्यानंतर छपराचा पत्राही सांध्यावर फाटला.

दुसऱ्या दुरुस्तीला गाडी आली ती या अवस्थेत. काचवाल्याने दोष काचेला दिला होता, सुताराने पाइपला. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य होते, पण मूळ दोष तिसरीकडेच होता.

केबिन कंपनीची नव्हतीच

जुनी गाडी 'ओरिजिनल' करायची म्हटले की लोक कंपनीचे चित्र शोधतात. या गाडीच्या केबिनचे तसे चित्र नाही. त्या काळी आपल्याकडे ट्रक बहुतेक काउल-चेसी म्हणून विकला जाई. पुढचे तोंड, बॉनेट, फेंडर, डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि पाय ठेवण्यापुरती फळी, एवढेच कारखान्यातून मिळे. दारे, खांब, काचेची चौकट, छप्पर, पाठ हे सगळे बॉडी बिल्डर करी. कारखान्यातून चेसी घेऊन येणारा ड्रायव्हर उघड्यावर, डोळ्याला गॉगल आणि डोक्याला मफलर बांधून शेकडो मैल यायचा. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन १२१० शेजारी उभ्या केल्या तर तोंड सारखे आणि कपाळ वेगळे असे दिसते.

मॉडेलचा आकडा सरळ आहे: १२ टन एकूण वजन, १० म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती. ही आकडे देण्याची पद्धत डाइमलर-बेंझची, म्हणजे मर्सिडीजवाल्यांची. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) त्यांच्याशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता. त्या काळातल्या गाड्यांवर तीन टोकांचा तारा असे, नंतरच्या गाड्यांवर टाटांचा 'टी'. १९७८ च्या गाडीवर तारा लावणे म्हणजे नातवाच्या लग्नात आजोबांची पत्रिका वाटणे. या गाडीलाही पहिल्या दुरुस्तीत कुणीतरी हौसेने बाजारातला तारा बसवला होता. तो सगळ्यात आधी उतरवला. इंजिनाचे नावही असेच वाचायचे: ६ सिलिंडर, बोअर ९२ मिमी. तोंड मात्र कारखान्याचे असल्याने त्याला हात लावताना जपावे लागते. ग्रिलच्या पट्ट्या, हेडलाइटच्या कड्या, बॉनेटच्या बाजूच्या जाळ्या ठोकून सरळ करा, पण कापू नका.

काउलच्या मागची केबिन कशी होती हे घरातल्या एका कृष्णधवल फोटोवरून काढले. जत्रेला निघालेली गाडी, डावी बाजू स्वच्छ. माप काढण्यासाठी टायरचा व्यास घेण्याचा मोह होतो, पण टायर वजनाने खाली बसलेला असतो. म्हणून पुढच्या चाकाची रिम घेतली. तीच रिम अजून गाडीवर होती, टेप लावल्यावर कडेपासून कडेपर्यंत ५८० मिमी भरली. फोटोत तिची उभी उंची साडेचौदा मिमी. म्हणजे फोटोतला १ मिमी म्हणजे गाडीवरचे ४० मिमी. दाराची काच फोटोत ११ मिमी उंच, म्हणजे ४४० मिमी. छपराचा पुढे आलेला छज्जा साडेचार मिमी, म्हणजे १८० मिमी. उभी मापेच धरावीत. फोटो थोडा तिरका असला की आडवी मापे आकसतात. शिवाय चाक आणि मोजायची वस्तू गाडीच्या एकाच बाजूला, एकाच पातळीत हवी. छज्जाचे माप आडवे, आणि तो त्या पातळीपासून थोडा आतही असल्याने ते नंतर पुठ्ठ्याचा नमुना लावून नजरेने पक्के केले.

आधी मोजणे

गाडी सपाट काँक्रीटवर उभी केली. सहाही टायरमध्ये हवा सारखी. दोन्ही दारांच्या आणि पुढच्या काचेच्या दोन्ही चौकटींचे कर्ण मोजून पांढऱ्या खडूने त्या त्या चौकटीवर लिहिले. मग पुढचे डावे चाक १५० मिमी जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर चढवले आणि तेच कर्ण पुन्हा मोजले.

डाव्या दाराच्या चौकटीचा कर्ण ७ मिमीने बदलला. उजव्या काचेच्या चौकटीचा ५ मिमीने. काचेभोवती जागा होती जेमतेम २ मिमी, आणि खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात वेल्डचा एक मणी आत आलेला. काच तिथेच का तडकली याचा उलगडा इथेच झाला. चौकट आवळली की काच त्या मण्यावर टेकत होती.

पण चौकट आवळत का होती? ट्रकची चेसी म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी दोन उघडी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. अशी शिडी वाकायला कडक आणि पिळायला मऊ असते, आणि ती मुद्दाम तशी केलेली असते. एक चाक खड्ड्यात गेले तर चेसी थोडी पिळते, म्हणून बाकीची चाके जमीन सोडत नाहीत. आता हिशोब पाहा. दोन चॅनेलमधले अंतर सुमारे ८५० मिमी. केबिनच्या पुढच्या आणि मागच्या आधारांच्या दरम्यान चेसी फक्त अर्धा अंश पिळली तरी एका बाजूचा मागचा आधार दुसऱ्यापेक्षा ७ मिमीहून जास्त वर-खाली होतो. काउल पुढे चेसीला घट्ट बसवलेले असते. मागे दोन कोपऱ्यांनाही घट्ट बोल्ट मारले की केबिन चार पायांनी चेसीला जखडली जाते आणि चेसीचा पीळ केबिनच्या चौकटींत शिरतो.

जुनी लाकडी केबिन हे सहन करते. तिचे सांधे किरकिरतात, खिळे थोडे सैल होतात, दार अधूनमधून अडते. पाइपच्या केबिनमध्ये वेल्ड हलत नाही, म्हणून सगळा पीळ सगळ्यात कच्च्या जागी, म्हणजे काचेवर आणि पत्र्याच्या सांध्यावर येतो. लाकडी केबिन चूक पोटात घालते, पाइपची केबिन तीच चूक काचेवर काढते.

वजनाचा मुद्दाही तपासला, कारण गावात 'लोखंडी केबिन जड झाली म्हणून काच गेली' अशी चर्चा होती. या पाइपचे वजन मीटरला २.४ किलोच्या आसपास. सांगाड्यात सुमारे ७० मीटर पाइप, म्हणजे १६५ ते १७० किलो. लाकडी सांगाडाही रंधून झाल्यावर फार हलका भरत नाही. म्हणजे वजनाचा संबंध नव्हता.

म्हणून क्रम असा ठरला: आधी केबिन आणि बॉडीमधले अँगल कापायचे, मग मागचे माउंट (केबिन चेसीवर टेकते ते आधार) सुधारायचे, मग पुन्हा मोजायचे. लाकूड लावायचे की पाइप ठेवायचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

चेसीवरचे वेल्ड

मागच्या माउंटचे ब्रॅकेट पहिल्या दुरुस्तीत चेसीच्या वरच्या पाळीवर (चॅनेलच्या आडव्या कडेवर) सरळ वेल्ड केलेले निघाले. हे काम कुणी करू नये. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पाळीवरच सर्वांत जास्त ताण असतो. तिथे भोक पाडणे किंवा वेल्ड मारणे म्हणजे भेगेला जागा करून देणे. ब्रॅकेट लावायचा तो चॅनेलच्या उभ्या पोटाला, बोल्टने, शक्यतो आधीच असलेल्या भोकांत.

ब्रॅकेट ग्राइंडरने उतरवून जागा साफ केली आणि डाय-टेस्ट केली: लाल द्रव लावून पंधरा मिनिटे थांबायचे, पुसायचे, पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बेळगावात ही सोय शोधावी लागत नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंग तपासायला ती रोज वापरतात. डाव्या पाळीवर वेल्डच्या टोकापासून निघालेली बारीक भेग दिसली. तिच्या टोकाला ५ मिमीचे भोक पाडले, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग खाच करून ७०१८ या वेल्डिंग रॉडने भरली. हे रॉड ओव्हनमध्ये सुमारे ३०० अंशांवर तासभर वाळवून गरम असतानाच वापरावे लागतात. पाकीट फोडून आठ दिवस पावसाळी हवेत पडलेला रॉड वापरला तर वेल्डच्या आत पुन्हा भेग येते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढल्या. भरलेला भाग पाळीच्या पातळीत घासला, आणि घासल्याच्या रेषा चेसीच्या लांबीला समांतर ठेवल्या.

मागचे माउंट

जुन्या बिल्डरने काय केले होते याचा पुरावा चेसीवरच होता. चॅनेलच्या उभ्या बाजूला चार जुनी भोके होती. खाली, क्रॉस मेंबरजवळच्या जुन्या लोखंडी कानाच्या तळाशी गंजाचे एक गोल कडे उमटलेले. स्प्रिंग बसल्याची ती खूण. म्हणजे मूळ केबिनचे मागचे बोल्ट घट्ट नव्हतेच. खाली स्प्रिंग होती, आणि ती केबिनला थोडे उचलू देत होती. पाइपवाल्याने लाकडी सांगाड्याबरोबर भंगारात टाकलेली गोष्ट ही.

मागे मधोमध एकच खुंटी ठेवून केबिन तीन पायांवर उभी करणे हा एक मार्ग. चेसीचा पीळ तीन आधारांच्या केबिनला लागतच नाही. पण त्यासाठी नवा क्रॉस मेंबर लागला असता आणि तो या गाडीवर कधी नव्हता. म्हणून जुन्याच पद्धतीचे दोन माउंट केले. प्रत्येक बाजूला: ५० मिमी व्यासाचे, २५ मिमी जाड रबर पॅड वर एक; मधून लोखंडी नळीची बाही; १२ मिमीचा ८.८ दर्जाचा बोल्ट. खाली जाड वॉशर, मग ५ मिमी तारेची स्प्रिंग, मोकळी लांबी ६० मिमी, बसवल्यावर ४५ मिमी. शेवटी खाचांचा नट आणि कॉटर पिन. बाहीची लांबी अशी की रबर ३ मिमी दबल्यावर ती दोन्हीकडे टेकते. बाही नसेल तर मेस्त्री नट आवळत जातो, रबर दबून चिप्पट होते आणि माउंट पुन्हा लोखंडासारखे कडक होते.

रबर कुठले वापरता यालाही अर्थ आहे. जुन्या टायरचे तुकडे किंवा साखर कारखान्याच्या पट्ट्याचे तुकडे ही या भागातली नेहमीची युक्ती. दोन्हींत कापडाचे थर असतात, म्हणून ते दाबाखाली मऊ राहत नाहीत आणि पावसात थर सुटतात. ५० शोअरच्या (रबराच्या कडकपणाचे माप) आसपासचे साधे गोल पॅड वापरावेत. बाजारात सहज मिळतात.

केबिनची पाठ आणि बॉडी यांमध्ये ८० मिमी मोकळी जागा ठेवली. बॉडी तिच्या स्वतःच्या यू-बोल्टवर आणि लाकडी गादीवर बसते, ती वेगळी हलणार. दोघांना बांधले की एक दुसऱ्याला ओढते.

पुन्हा तोच ठोकळा, तेच डावे चाक. दाराचा कर्ण दीड मिमी बदलला, काचेचा १ मिमी. पाइपचा सांगाडा तोच होता. म्हणजे एवढ्यावर थांबले असते तरी काच टिकली असती, आणि ज्याला गाडी फक्त चालवायची आहे त्याने इथे थांबावे. इथे घरच्यांना फोटोतली केबिन हवी होती, म्हणून पुढचे काम झाले.

लाकूड

दिवाळीनंतर लाकूड घेतले. खानापूर-दांडेलीच्या पट्ट्यात पावसाळ्यात घेतलेली फळी हाताला कोरडी लागली तरी आत ओली असते, आणि तिच्यावर चढवलेला पत्रा उन्हाळ्यात खिळ्यांपाशी फुगतो. मीटरवर १२ ते १४ टक्के ओलावा दिसेपर्यंत फळ्या शेडमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. साग ६ घनफूट, ऐन ३ घनफूट. ऐनाला इकडे सगळे मत्तीच म्हणतात. वखारीत ऐन मागितले तर समोरचा क्षणभर थांबतो.

मत्ती खालच्या दोन लांब तुळयांना आणि मागच्या आडव्या तुळईला, ७५ × १०० मिमी. खांब, दारांच्या चौकटी आणि छपराच्या कमानी सागाच्या. पुढचे खांब ५० × ६५, मागचे ५० × ५०. मत्ती कडक आणि वजन पेलणारी, पण तिच्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे साधा खिळा तिच्यात काळा पडून खाल्ला जातो. तुळयांना जस्ताचा मुलामा दिलेले बोल्टच वापरले, आणि भोकांच्या आतल्या भिंतींवर इपॉक्सी फिरवली.

जुना सांगाडा कुजला होता तो ठराविक तीन ठिकाणी, आणि हे जवळजवळ प्रत्येक लाकडी केबिनमध्ये दिसते: पुढच्या खांबाचे बूड, दाराची खालची पट्टी, मागच्या कोपऱ्यातले फळीचे टोक. पाणी काचेच्या रबराखालून आत येते, खांबाच्या आत पत्रा आणि लाकडामधून खाली उतरते, आणि बुडाशी पत्रा वळवून बंद केलेला असल्याने तिथेच थांबते. लाकडाचे आडवे कापलेले तोंड पाणी स्ट्रॉसारखे ओढते. म्हणून नव्या खांबाचे बूड जोडण्याआधी पातळ केलेल्या इपॉक्सीत बुडवून तिचे तीन हात दिले, आणि पत्र्याच्या खालच्या वळणात दर खांबाला ८ मिमीचे एक भोक ठेवले. पेंटरने पुट्टी भरताना ती भोके बुजवलीच. पुन्हा उघडावी लागली. हे पेंटरला आधी सांगावे, नंतर सांगून उपयोग नसतो.

खांब आणि तुळईचा सांधा खाचेत कुसू बसवून, वरून एक लोखंडी कोपरा आणि दोन बोल्ट. नुसत्या स्क्रूवर खांब उभा करू नये. खांब ओढला जातो तेव्हा स्क्रू आडव्या तोंडात पकड धरत नाही.

छपराच्या पाच कमानी. रुंदी १९०० मिमी, मधला फुगवटा ४५ मिमी. जुन्या कमानी फळीतून कापलेल्या होत्या. नव्या ५ मिमीच्या आठ पट्ट्या चिकटवून साच्यावर केल्या, लाकूड वाचते. आठ थर असले की कमान साच्यातून सुटल्यावर जेमतेम मिलिमीटरभर उलगडते. तेच तीन जाड थर घेतले असते तर ४५ मधले ५ मिमी परत गेले असते आणि छपरावर पाणी साचले असते. साग तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टी थिनरने पुसायची आणि तासाभरात जोडायची. पहिली कमान आदल्या संध्याकाळी पुसून दुसऱ्या दिवशी चिकटवली होती. ती साच्यातून काढताना दोन थर सरळ सुटून आले.

पत्रा २० गेज, ०.९ मिमी, आठ बाय चारचे सहा ताव. एक ताव २१ किलोचा. लाकूड आणि पत्र्यामध्ये डांबरी फेल्टची पट्टी, नाहीतर दवाचे पाणी आतून पत्रा खाते. पत्र्याची कड लाकडावर वळवून दर ४० मिमीला खिळा. वेल्ड फक्त पत्र्याला पत्र्याशी आणि तेही लाकडावर चढवण्याआधी. लाकडावर चढवून वेल्ड केले की आतला साग जळतो आणि त्या कोळशात वर्षभरात पाणी धरते.

आतल्या बॉनेटच्या खाली जुना राखाडी पत्र्यासारखा थर होता. अशा गाड्यांत तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. कोरडा खरवडू नये, ओला करून, तोंड झाकून, अखंड काढावा आणि पिशवीत बांधावा. त्या जागी २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेट आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. अर्धे इंजिन मांडीला मांडी लावून बसलेल्या केबिनमध्ये हे काम नीट झाले नाही, तर क्लिनरची सीट उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. मिरवणुकीत गाडी तासन् तास पावलापावलाने चालते, तेव्हा तर जास्तच.

दारे

दारे कधी टांगायची, याला आधीच उत्तर ठरलेले असावे: केबिन चेसीवर बसल्यावर, बॉडी मागे चढल्यावर, डिझेलची टाकी भरल्यावर. इथे घाई झाली. केबिन घोड्यांवर (टेकूंवर) असतानाच सुताराने दारे टांगली, फटी चारी बाजूंनी ४ मिमी सुरेख आल्या. केबिन चेसीवर ठेवल्यावर डाव्या दाराचे मागचे टोक ६ मिमी खाली आले. सुतार दार रंधायला निघाला होता. दाराला हात न लावता मागच्या डाव्या माउंटखाली ३ मिमीचा वॉशर घातला, आणि फट परत आली. दार अडले की आधी माउंट पाहावे, मग बिजागरी, आणि रंधा अगदी शेवटी.

बिजागऱ्या मूळच्या ओतीव होत्या, त्यातली एक मोडलेली. बेळगावात ओतकाम मिळणे सोपे. ज्या गावात १८८८ साली किर्लोस्करांचे सायकलचे दुकान निघाले, तिथे आज फौंड्र्यांची रांग आहे. पण मोडलेली बिजागरी नमुना म्हणून जशीच्या तशी वाळूत दाबू नये. गनमेटल थंड होताना दीड टक्का आकसते. १४० मिमीची बिजागरी १३८ ची होऊन येते आणि भोके जुळत नाहीत. तीच चूक इथे पहिल्या ओतीत झाली. दुसऱ्या वेळी नमुन्यावर लांबीला २ मिमी पुट्टी चढवली, भोके नंतर पाडली.

काच

दोन सपाट काचा, मध्ये खांब. पहिल्या दुरुस्तीत साधी ५ मिमी काच होती. नियमाने पुढची काच लॅमिनेटेड सुरक्षा काचच हवी. सपाट असल्याने ती कापून घेता येते: ३ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये फिल्म, एकूण पावणेसात मिमी. कडेला चारी बाजूंनी ३ मिमी मोकळी जागा आणि रबरी चॅनेल, चौकटीत कुठेही स्क्रूचे डोके वर आलेले नाही हे बोट फिरवून पाहायचे.

काच कापण्याआधी त्याच जाडीच्या प्लायवुडची खोटी काच बसवली. मग पुन्हा पुढचे चाक ठोकळ्यावर. प्लाय चौकटीत हाताने हलते का पाहिले, मग उलट बाजूचे चाक. उजव्या वरच्या कोपऱ्यात प्लाय अडली. तिथे खांबाचा कोपरा पटाशीने १ मिमी घेतला. तीच प्लाय काचवाल्याकडे नमुना म्हणून गेली. काच बसवल्यावर ठोकळ्याची परीक्षा घेऊ नये असे सुतार म्हणत होता. घेतली, काही झाले नाही.

बाकीचे थोडक्यात

इंजिन हाताने फिरत होते. टाकी आणि डिझेलच्या नळ्या साफ, फिल्टर, क्लच प्लेट, ब्रेकचे सगळे रबर. सोळा वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक रबर दिसायला चांगले असले तरी ठेवू नये. केबिन उचललेली असताना हे सगळे पोहोचायला सोपे असते, नंतर नाही.

रंग सिंथेटिक इनॅमल. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकतो जास्त, पण त्याची काचेसारखी चमक या केबिनवर उपरी दिसते. लाकडी केबिनचा सांधा हलतो तेव्हा कडक पीयू सांध्यावर केसासारखा तडकतो, हेही कारण आहे. फोटोत डाव्या दारावर मराठीत 'आई यल्लम्मा प्रसन्न' असे दिसते. उजव्या दारावर हेच कन्नडमध्ये होते, ते जुन्या दाराच्या पत्र्यावर रंगाच्या थराखाली तिरका उजेड टाकून सापडले. दोन्ही अक्षरे ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली आणि दोन्ही लिपी लिहिणाऱ्या पेंटरकडे दिली.

कागदपत्रांबाबत गैरसमज फार. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले ते खासगी वापराच्या, बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकींसाठी, आणि पन्नास वर्षांची अट घालून. १९७८ ची गाडी त्या अटीत बसत नाही, आणि मालवाहू म्हणून नोंद असलेल्या ट्रकने त्या नियमांवर विसंबून राहू नये. मिरवणुकीपुरते बाहेर काढायचे तरी फिटनेस, विमा आणि पीयूसी चालू हवेत. केबिन बदलण्याआधी आरटीओत बोलून घ्यावे, नंतर नव्हे.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. ताशी ४५ च्या आसपास, रिकाम्या बॉडीने, छप्पर घुमते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीमधला पत्रा सर्वांत मोठा आणि आधाराशिवाय आहे. त्याला आतून डांबरी फेल्टचे ३०० मिमीचे दोन चौकोन चिकटवल्यावर आवाज निम्मा झाला. कमानींची जागा फोटोवरून घेतली होती. फोटोत त्या छपराखाली दिसत नाहीत, छज्जाच्या कडेवरच्या खिळ्यांच्या रांगेवरून अंदाजाने धरल्या. सहावी कमान असावी असा संशय आहे. छपराचे आतले प्लाय उतरवल्यावर ती घालता येईल, पण ते पुढच्या पावसाळ्यानंतर, लाकूड सुकल्यावर.